जबड्याचे हाड आणि सहीची घाई



गेल्या महिन्यात आमच्या सिनागॉगमध्ये मलिदा होता. एलियाहू हन्नाबीची प्रार्थना झाली, ताटे फिरली. माझ्या शेजारी आमच्याच वस्तीतले एक गृहस्थ बसले होते, वय ऐंशीच्या घरात. त्यांनी गोड पोहे खाल्ले, केळे खाल्ले, खजूर बराच वेळ तोंडात घोळवला, आणि सफरचंदाची फोड कोणाला दिसणार नाही अशी ताटाच्या कडेला ठेवली. मला दिसली. नर्स निवृत्त होते, तिची नजर होत नाही.

"सिस्टर," ते म्हणाले, "खालची कवळी बसतच नाही. डॉक्टर म्हणतो, जबड्याचे हाड गेले. आधी हाड भरायचे, मग स्क्रू बसवायचे, मग दात. मुलगा म्हणतो, मुंबईला जा आणि तीन आठवड्यांत सगळे करून या. सून म्हणते, पप्पा, या वयात कशाला? तुम्हीच सांगा, मी काय करू?"

हातात ताट घेऊन असल्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. आणि हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. अश्दोदपासून दिमोनापर्यंत आपल्या ज्या ज्या ओळखीच्या घरी मी जाते, तिथे कोणी ना कोणी हाच विचारतो. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधीच सांगते, मी दातांची डॉक्टर नव्हे. मी नर्स, आधी मुंबईत आणि मग इथे, बहुतेक वर्षे सर्जिकल वॉर्डात. शाळा मराठी माध्यमाची, म्हणून लिहिणेही मराठीतच जमते. हाड भरण्याच्या मी विरुद्ध नाही. माझ्या स्वतःच्या तोंडात असे भरलेले हाड आहे. पण मुलाचे म्हणणे मला पटले नाही आणि सुनेचेही नाही. माझे मत असे आहे: हाड भरायचे की नाही, हे ठरवायला वेळ घ्यावा, आणि भरायचे ठरले, तर हाडालाही वेळ द्यावा. आपल्या वयात मला भीती वाटते ती शस्त्रक्रियेची नाही, घाईची.

हाड जाते कुठे?

जबड्याचा जो भाग दात धरून ठेवतो, तो दातासाठीच असतो. आपण चावतो तेव्हा दाताच्या मुळावाटे त्या हाडाला दाब मिळतो, आणि त्या दाबावरच ते टिकून राहते. दात काढला की हाडाला काम उरत नाही. शरीर फार काटकसरी आहे. ज्याला काम नाही ते हाड ते हळूहळू काढून घेते. पायाचे प्लास्टर काढल्यावर पोटरी कशी बारीक झालेली दिसते, तसेच काहीसे.

दाढ काढल्यानंतर पहिल्या वर्षभरात त्या जागच्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्मी होऊ शकते, आणि त्यातली मोठी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. पुढे वेग मंदावतो, पण झीज थांबत नाही. कवळीने ती थांबेल असे अनेकांना वाटते. कवळी हिरडीवर बसते, हाडात रुजत नाही. तिचा दाब वरून पडतो आणि हाड आणखी दबते. संपूर्ण कवळी वापरणाऱ्यांचा २५ वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्यात खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली. वरच्या कवळीला टाळूचाही आधार मिळतो, ती चिकटून राहते. म्हणून वरची बरी चालते आणि खालची बोलतानासुद्धा नाचते. यात तुमचा दोष नाही, आणि कवळी बनवणाऱ्याचाही दर वेळी नसतो.

दुसरे कारण हिरड्यांचा आजार. दात हलू लागतो तोपर्यंत त्याच्या भोवतीचे बरेचसे हाड आधीच गेलेले असते. दुखत नाही म्हणून आपण दुर्लक्ष करतो. आपल्या पिढीतल्या काही बायकांना मिश्री लावायची सवय होती, पुरुषांना विडी-तंबाखूची. त्याचाही हिशेब हिरड्यांनी ठेवलेला असतो.

आता इम्प्लांट म्हणजे काय? टायटॅनियमचा छोटा स्क्रू, साधारण ४ मिलिमीटर जाड आणि ८ ते १२ मिलिमीटर लांब. तो दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवतात. स्वीडनमधले ब्रोनेमार्क नावाचे संशोधक १९५०च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचे उपकरण बसवून अभ्यास करीत होते. काम झाल्यावर ते काढायला गेले तर निघेना, हाड त्याला घट्ट चिकटून वाढले होते. त्यातून पुढे १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. म्हणजे सगळी करामत हाडाची आहे, स्क्रूची नाही. भिंतच पातळ असेल तर खुंटी कितीही महाग आणा, ती टिकणार नाही. म्हणून आधी भिंत जाड करायची. यालाच हाड भरणे किंवा ग्राफ्ट म्हणतात.

भरतात ते काय?

ग्राफ्ट म्हणजे कलम. कोकणातल्या माणसाला कलम म्हटले की हापूस आठवतो. पण हे कलम तसे नाही. याला वेलाचा मांडव म्हणणे जास्त बरोबर. डॉक्टर जे दाणे भरतात ते स्वतः हाड होऊन वाढत नाहीत. त्यांच्या आधाराने तुमचेच हाड हळूहळू आत शिरते आणि जागा भरते.

हा मांडव चार प्रकारचा असतो. पहिला तुमच्याच शरीरातल्या हाडाचा. तो हनुवटीतून, जबड्याच्या मागच्या भागातून किंवा फारच हवे असेल तर कमरेच्या हाडातून घेतात. त्यात जिवंत पेशी असतात, पण जखमा दोन होतात. दुसरा मृत दात्याच्या हाडाचा, हाडांच्या बँकेतून तपासून आणि शुद्ध करून आलेला. तिसरा जनावराच्या हाडाचा, बहुधा गाईबैलाच्या. त्यातला सगळा मांसल भाग काढून फक्त खनिज ठेवलेले असते. चौथा कारखान्यात बनवलेला, कॅल्शियमच्या क्षारांचा.

त्यावर अनेकदा एक पातळ पडदा अंथरतात. हिरडी लवकर वाढते, हाड सावकाश. पडदा नसेल तर हिरडी आधी आत घुसून जागा बळकावते आणि हाडाला जागाच उरत नाही.

वरच्या मागच्या दाढांची अडचण वेगळी. त्यांच्या वर सायनसची पोकळी असते. दाढा गेल्या की ती पोकळी खाली उतरते आणि हाडाचा पातळ थर तेवढा उरतो. तेव्हा सायनसचे अस्तर अलगद वर उचलून त्याखाली दाणे भरतात. त्यानंतर काही दिवस नाक जोरात शिंकरायचे नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, आणि विमानप्रवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचा नाही.

आता एक प्रश्न, जो आपले लोक मला हळू आवाजात विचारतात. तो पडदा बऱ्याच वेळा डुकराच्या कातडीपासून केलेला असतो. चालतो का? मी रब्बी नाही. पण वॉर्डात मी धार्मिक घरांतल्या रुग्णांच्या हृदयात डुकराची झडप बसवलेली पाहिली आहे. बंदी खाण्याची आहे, उपचारासाठी शरीरात बसवलेल्या वस्तूची नाही, असेच रब्बी सर्वसाधारणपणे सांगतात. मृत दात्याच्या हाडाबद्दल कोणाच्या मनात मृताच्या मानाचा प्रश्न येतो, तोही योग्यच आहे. मन खात असेल तर आपल्या रब्बींना विचारावे, आणि डॉक्टरांना आधीच सांगावे. गाईचे किंवा कारखान्यातले साहित्य बहुतेक ठिकाणी मिळू शकते. पण हे विचारायचे खुर्चीत आडवे होण्यापूर्वी. भूल चढल्यावर विचारून उपयोग नाही.

हाडाचे कॅलेंडर

मुलाच्या तीन आठवड्यांकडे येऊ. मुंबईत उत्तम दंतवैद्य आहेत, खर्च इथल्यापेक्षा कमी येतो, आणि डॉक्टरशी आपल्या भाषेत बोलता येते. हे सगळे मला मान्य आहे. अडचण डॉक्टरांची नाही, परतीच्या तिकिटाची आहे.

दात काढलेली एक खोबणी भरली तर तिथे पक्के हाड व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. रुंदी वाढवण्यासाठी हाडाचा तुकडा बसवला तर चार ते सहा महिने. सायनसखाली भरले तर सहा ते नऊ महिने. त्यानंतर इम्प्लांट, आणि त्याला हाडाने धरायला आणखी तीन ते सहा महिने. मग दात. कधी कधी थोडेच हाड कमी असते, तेव्हा भरणे आणि इम्प्लांट एकाच वेळी होते. कधी तिरपे इम्प्लांट घालून त्याच दिवशी तात्पुरते दात देतात. पण हे कोणाला चालेल ते तपासणी आणि थ्री-डी स्कॅन पाहूनच ठरते, विमानाची तारीख पाहून नव्हे.

मुंबईला करायचेच असेल तर दोन-तीन फेऱ्यांची तयारी ठेवा आणि मधल्या काळात टाका सुटला, पू झाला तर इथे कोण पाहणार, ते आधी ठरवा. दुसऱ्याने भरलेल्या हाडाची जबाबदारी घ्यायला इथला डॉक्टर सहसा तयार नसतो. त्याला काय भरले, केव्हा भरले, हेच माहीत नसते. म्हणून स्कॅन, वापरलेल्या साहित्याची नावे आणि इम्प्लांटचा प्रकार हे सगळे लिहून घ्या.

माझी स्वतःची गोष्ट थोडक्यात. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी माझी खालची एक दाढ काढली. खोबणी भरली, पाच महिने थांबले, इम्प्लांट घातले, आणखी चार महिने थांबले. नऊ महिने एका बाजूने जेवले. आज सात वर्षे झाली, त्या दाढेने मी चणे खाते. एका दाढेला नऊ महिने! घरचे हसत होते. मी थांबले होते.

जिथे मी थांबले नाही

आता जे लिहिते ते लिहायला मला चार वर्षे लागली.

माझ्या थोरल्या नणंदेची, आमच्या वन्संची, खालची दाढ तुटली. तेव्हा त्या ऐंशीच्या होत्या. एका खासगी दवाखान्यात गेलो. दाढ काढायची, लगेच हाड भरायचे, चार महिन्यांनी इम्प्लांट, असे ठरले. किमतीत सूट होती, पण त्याच आठवड्यात सही केली तर. वन्संना हिब्रू बोलता येते, वाचायला जड जाते. तब्येतीचा फॉर्म पुढे आला. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. "अगं, तूच भर, तू नर्स ना."

मी भरला. औषधे कोणती? ब्लडप्रेशरची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, ॲस्पिरिन. सही झाली.

वन्संना हाडांचा ठिसूळपणा होता. कित्येक वर्षे त्यांनी त्याची आठवड्याची गोळी घेतली होती, आणि नंतर दर सहा महिन्यांनी एक इंजेक्शन. ते कुपत होलीमच्या दवाखान्यात जाऊन घ्यायचे. घरात त्याची बाटली नाही, डबी नाही, सकाळ-संध्याकाळची आठवण नाही. त्यांना ते औषध वाटलेच नाही. आणि चाळीस वर्षे रुग्णांना "आणखी काही घेता का?" असे विचारणाऱ्या मला ते विचारायचे सुचले नाही. दवाखान्यातही कोणी विचारले नाही. त्यांनी विचारायला हवे होते. पण फॉर्मवर अक्षर माझे आहे.

जखम भरली नाही. भरलेले दाणे एकेक करून बाहेर आले. दोन महिन्यांनी हिरडीतून पिवळट हाड दिसू लागले, तांदळाच्या दाण्याएवढे. तोंडाला वास, रात्री ठणका. शेवटी रुग्णालयातल्या जबड्याच्या सर्जनकडे गेलो. त्याने तोंड उघडून पाहण्यापूर्वीच विचारले, "हाडांसाठी कोणते इंजेक्शन घेता?" तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली.

या औषधांमुळे हाडाची झीज थांबते, आणि आपल्या वयात मांडीचे किंवा मणक्याचे हाड मोडण्यापासून तीच वाचवतात. ती चांगली औषधे आहेत. पण जबड्याचे हाड जुने काढून नवे घालण्याच्या कामावर जगते, आणि तेच काम ही औषधे मंदावतात. त्यामुळे क्वचित दात काढल्यावर किंवा हाडावर शस्त्रक्रिया केल्यावर जखम भरत नाही, हाड उघडे पडते, तिथले हाड मरते. आठ आठवड्यांहून जास्त काळ हाड उघडे राहिले तर डॉक्टर हे निदान करतात. ठिसूळपणासाठी दिलेल्या मात्रेत हा धोका कमी असतो. कॅन्सरच्या रुग्णांना मोठी मात्रा देतात, तिथे तो बराच जास्त असतो. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि ज्याच्या वाट्याला येतो त्याला कमी वाटत नाही.

वन्संना औषधी चुळा, अँटिबायोटिक, मग मेलेला तुकडा काढण्याची छोटी शस्त्रक्रिया, असे दहा महिने लागले. बऱ्या झाल्या. इम्प्लांट कधीच बसले नाही. काढता-घालता येणारे छोटे दात बसवले आहेत आणि त्यावर त्या व्यवस्थित जेवतात. मला त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही. त्यामुळे जास्त लागते.

म्हणून हात जोडून सांगते. फोसालानसारखी गोळी, प्रोलियासारखे इंजेक्शन, वर्षातून एकदा शिरेतून दिलेले हाडांचे औषध, यांतले काहीही आता घेत असाल किंवा पूर्वी कधी घेतले असेल, तर दाताच्या डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा. आणि हे ऐकून घाबरून इंजेक्शन स्वतःहून बंद करू नका. सहा महिन्यांचे इंजेक्शन मध्येच सोडले तर हाडे झपाट्याने ठिसूळ होतात आणि मणके मोडू शकतात. काय करायचे, केव्हा करायचे, हे दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवायचे आहे. आणि ज्यांना असे औषध सुरू व्हायचे आहे, त्यांनी आधी दात तपासून घ्यावेत, खराब दात आधीच काढून घ्यावेत.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचेही तसेच. त्या सांगायच्या, पण स्वतःच्या मनाने थांबवायच्या नाहीत. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या सरासरीची साखर दाखवायची. साखर ताब्यात नसेल तर हाड भरणे पुढे ढकलावे. तंबाखू आणि सिगारेट सोडल्याशिवाय या वाटेला जाऊच नये.

कमीत कमी काय पुरेल?

आता मुख्य मुद्दा. आपल्याला डॉक्टर सांगतो किती इम्प्लांट बसतील. आपण विचारायला हवे की मला नीट जेवायला कमीत कमी काय पुरेल. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि दुसरा आपणच विचारावा लागतो.

ज्यांचे खालचे सगळे दात गेले आहेत, त्यांच्यासाठी एक मधला मार्ग आहे. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात, हनुवटीच्या वर, बऱ्याच जणांचे हाड म्हातारपणीही पुरेसे शिल्लक असते. तिथे फक्त दोन इम्प्लांट घालून त्यांवर कवळी टिचबटणासारखी बसवतात. ती काढता येते, धुता येते, आणि बोलताना नाचत नाही. बहुतेकदा हाड भरावे लागत नाही. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी असे मत दिले की खालच्या संपूर्ण कवळीऐवजी दोन इम्प्लांटवरची कवळी हीच पहिली निवड असावी. म्हणजे ही गरिबाची तडजोड नव्हे.

शिवाय आखूड इम्प्लांट असतात, सुमारे ६ मिलिमीटरचे. हाडाची उंची थोडी कमी असेल तर काही वेळा ते चालतात आणि भरण्याची गरज पडत नाही. एकच दात गेला असेल तर शेजारच्या दातांवर पूल बांधता येतो. आणि कधी कधी जुनी कवळी आतून नव्याने भरून घेतली तरी निम्मा त्रास जातो.

इथल्या सरकारने २०१९ पासून पंचाहत्तर वर्षांवरच्यांचे दातांचे उपचार कुपत होलीमच्या सेवेत आणले, आणि पुढे ती वयाची अट बहात्तरवर आणली. त्यात काय काय येते आणि किती पैसे आपले, हे कुपाच्या दाताच्या दवाखान्यात विचारा. खासगीत हजारो शेकेलची सही करण्यापूर्वी एवढी एक फेरी मारायलाच हवी.

"या वयात कशाला?"

सुनेच्या प्रश्नाचेही उत्तर द्यायला हवे. ती वाईट नाही, तिला सासऱ्यांचा त्रास टाळायचा आहे. पण ज्याला चावता येत नाही तो आधी मटण सोडतो, मग कच्ची काकडी-गाजर, मग फळ, मग भाकरी. उरते चहात बुडवलेला पाव आणि गोड. मग अंगातली ताकद जाते, साखर वाढते. आणि माणूस चारचौघांत जेवायला लाजतो. लग्नाला जात नाही, मलिद्याला जात नाही. सफरचंदाची फोड लपवणे ही छोटी गोष्ट नाही.

ऐंशी वर्षांच्या माणसालाही इम्प्लांट बसते. हाड वय विचारत नाही, तब्येत विचारते. म्हणून "या वयात कशाला" हे उत्तर तितकेच घाईचे आहे जितके "तीन आठवड्यांत उरकून या".

सही करण्यापूर्वी

या देशात १९९६ पासून रुग्णांच्या हक्कांचा कायदा आहे. उपचार तुम्हाला समजेल असा सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे हा तुमचा हक्क आहे, आणि त्यासाठी तुमचे कागद व स्कॅन मिळवण्याचाही. "आज सही केली तर सूट" असे कोणी म्हटले तर शांतपणे म्हणा, "मी घरी जाऊन विचार करते." सूट गेली तर जाऊ द्या. ज्या दिवशी स्कॅन, त्याच दिवशी सही, असे कधीही करू नका.

घरून हे प्रश्न लिहून न्या:

हाड भरले नाही तर माझ्यासाठी दुसरे काय करता येईल?

एकूण किती वेळा शस्त्रक्रिया, एकूण किती महिने, आणि तोपर्यंत मी काय घालून जेवायचे? जुनी कवळी नव्या भरलेल्या जागेवर दाबली तर सगळे वाया जाते, म्हणून हे विचारायलाच हवे.

काय भरणार, कुठून आलेले?

हाड धरले नाही तर पुढे काय, आणि तो खर्च कोणाचा?

माझ्या सगळ्या औषधांची यादी तुम्ही वाचली का?

डॉक्टर चांगला असेल तर या प्रश्नांनी रागावणार नाही. रागावला तर तेही एक उत्तरच आहे.

आणि केलेच तर नंतरची काळजी घ्या. दोन-तीन दिवस सूज येते, गालावर निळसर डागही पडतो, घाबरू नका. एखाद-दुसरा दाणा बाहेर आला तरी चालते. पेज, मऊ खिचडी, आमटीत भिजवलेली चपाती, थंड करून खा. स्ट्रॉने ओढून पिऊ नका, जोरात चूळ भरू नका. पण ताप आला, पू आला, रक्त थांबेना, ओठ बधिरच राहिला किंवा दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, तर शब्बाथ संपायची वाट पाहू नका. लगेच फोन करा. आणि इम्प्लांट बसल्यावर ते दातासारखेच रोज घासावे लागते. त्याला कीड लागत नाही, पण भोवतालची हिरडी सुजून पुन्हा हाड जाऊ शकते.

शेवटी एक काम आजच करा. एक कागद घ्या. त्यावर रोजच्या गोळ्या लिहा, आठवड्याच्या लिहा, सहा महिन्यांची आणि वर्षाची इंजेक्शने लिहा, पूर्वी घेऊन सोडलेली औषधेही लिहा. मराठीत लिहिलेत तरी चालेल, नातवाकडून हिब्रूत करून घ्या. तो कागद तेउदत झेहूतबरोबर पाकिटात ठेवा.

मलिद्याला भेटलेल्या गृहस्थांना मी फोन करून हेच सांगितले. त्यांनी त्याच संध्याकाळी कागद लिहिला. त्यात रक्त पातळ करणारी एक गोळी निघाली, जी मुलाला ठाऊकच नव्हती. मुंबईचे तिकीट आता काढलेले नाही. कुपाच्या दवाखान्यात दोन इम्प्लांटवरच्या कवळीबद्दल विचारायला बापलेक दोघे जाणार आहेत.

रोश हशाना जवळ येतो आहे. त्यांचे दात तोवर होणार नाहीत. मी त्यांना सांगितले, यंदा सफरचंद किसून मधात घाला आणि खा, आशीर्वाद तोच आहे. फोड पुढच्या वर्षी चावू.